हार्बूझचं कार्ड

कार्डाचा डावा कोपरा पिवळा पडला होता — चहाचा डाग, की नुसतं बोटांचं तेल, कोण जाणे — आणि त्या कोपऱ्याशेजारी त्याचं स्वतःचं अक्षर, गोल, सुबक, कुठे एका शब्दाची खाडाखोड नाही. ११७. हार्बूझ. नाम, पुल्लिंगी. अर्थ : लाल भोपळा. आणि त्याच्या खाली ते वाक्य. श्रीनिवासनं वाक्य वाचलं नाही. वाक्य न वाचता कार्डाकडे बघायची त्याला या सहा महिन्यांत चांगली सवय झाली होती. नजर अर्थापर्यंत न्यायची आणि तिथून सरळ टेबलावर उतरवायची, बस... आज मात्र ती उतरेना.

“अरे, निघणार आहेस की नाही? सव्वानऊची चुकली की बस मग स्टेशनवर कुडकुडत.” विनीता ओट्याशी उभी राहून नारळाच्या वड्या स्टीलच्या डब्यात भरत होती. तिची लॅबमधली शिफ्ट दुपारची होती, म्हणून शनिवार असूनही सकाळ तिच्या हातात होती. “आणि हा डबा घेऊन जा. म्हातारीकडे रिकाम्या हातानं जाऊ नये. काल फोनवर रडत होती बिचारी.”

“रडत नव्हती.”

“मग काय करत होती?”

काय करत होती? हान्ना पेत्रीव्ना फोनवर एवढंच म्हणाली होती की युक्रेनमधल्या बहिणीला, ओदार्काला घातलेलं पत्र परत आलंय, शिक्का मारून, आणि तू उद्या येशीलच ना. रडली असती तर एक वेळ परवडलं असतं. त्यानं कार्ड कोटाच्या आतल्या खिशात घातलं, डबा घेतला. परत आलेल्या पत्राचं विनीताला ठाऊक होतं. कार्डाचं नव्हतं. सांगणार होता तो — फेब्रुवारीतच सांगणार होता — पण त्याच आठवड्यात नोकरी कायम झाल्याचं कागदावर आलं, विनीतानं हौसेनं श्रीखंड केलं, देवापुढे साखर ठेवली, आणि तेवढ्यात हे कुठं काढा, म्हणून जे राहिलं ते राहिलंच.

ट्रेनच्या डब्यात त्याच्याखेरीज एक नर्स होती आणि एक फुटबॉलचा मफलर गुंडाळलेला म्हातारा. ऑगस्टची थंडी, काचेवर वाफ. मेलबर्नच्या या टोकापासून त्या टोकाला, मधे फ्लिंडर्स स्ट्रीटला गाडी बदलून, दीड तास. दीड तासात माणूस काय काय ठरवू शकतो! आज सांगायचंच, हे त्यानं पहिल्या चार स्टेशनांत ठरवलं. कार्ड काढून तिच्यापुढे ठेवायचं. हान्ना पेत्रीव्ना, हे बघा, हे मी केलं. एवढंच. यात कठीण काय आहे? दोन वाक्यं. पाच भाषा येतात म्हणून मिरवतोस ना, मग एका भाषेत दोन वाक्यं नाही बोलता येत?

पाच भाषा. त्या पाच भाषांनीच त्याला पुण्याहून इथं आणलं होतं, एका विद्यापीठाच्या कोशासाठी. महायुद्धानंतर बोटी भरभरून इथं येऊन पडलेली युक्रेनी माणसं, त्यांच्या बोलण्यात बाहेरून आलेले शब्द कोणते, ते कुठल्या मुलखातून कुठल्या वाटेनं आले, हे शोधायचं. एकेका शब्दाचं एकेक कार्ड करायचं. कार्डावर शब्द, अर्थ, मूळ, आणि माणसाच्या तोंडून जसंच्या तसं उतरवलेलं एक वाक्य. पाच वर्षं हेच. पाच वर्षं दर डिसेंबरला संपणारं आणि दर फेब्रुवारीला कसंबसं पुन्हा सुरू होणारं कंत्राट. सहकारी चांगले होते, नाही कसे म्हणणार... ‘नो वरीज, श्री,’ म्हणत पाठीवर थापही मारत. पण श्री! श्रीनिवास हेमचंद्र मुळगुंद, राहणार कसबा पेठ, त्याचं उरलं काय, तर श्री. कुणी विचारलं नव्हतं की बाबा रे, बाकीचं कुठं ठेवलंस?

आणि मग ती दोन वर्षांपूर्वीची दुपार — हान्नाच्या स्वयंपाकघरात खिडकीत एक हा एवढा लाल भोपळा ठेवलेला, आणि तिनं त्यावर थाप मारून म्हटलं, ‘हार्बूझ.’ तो खुर्चीतून उठलाच. खरबूज! अहो, हे तर आमचं खरबूज! मूळ इराणातलं; तुर्कांच्या तोंडून ते काळ्या समुद्रापलीकडे वर गेलं आणि तिथं भोपळ्याला चिकटलं, दुसऱ्या वाटेनं खाली आलं आणि आमच्याकडे गोड फळाला चिकटलं, तिच्या शेजारच्या रशियनांनी तर ते कलिंगडाला लावून टाकलं. फळ बदललं, नाव तेच. त्यानं हे तिला हातवारे करून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. “म्हणजे तू आमच्या नात्यातलाच की रे, सिन्कू,” म्हणाली. सिन्कू म्हणजे बाळा. परक्या मुलखात आपल्या आळीतलं माणूस भेटावं तसं त्याला झालं. त्या दिवसापासून शनिवार तिचा झाला. विद्यापीठाचं काम संपलं तरी तो जात राहिला, हे विसरू नका कुणी. कामापुरता नाही गेलो मी.

गाडी बदलली. पलीकडच्या फलाटावरून सेंट ऑल्बन्सची धरली. कारखान्यांच्या पत्र्याच्या भिंती, मग काळ्या दगडांचं ओसाड माळरान, त्यात वाळलेली बडीशेप कमरेइतकी उंच. या रस्त्यानं तो शंभर वेळा गेला असेल.

नाव लिहू नकोस, असं ती म्हणाली होती. खोटं कशाला बोला, स्पष्ट म्हणाली होती. आठ महिने ती त्याला गाव सांगत नव्हती. पोलंडमधली आहे म्हणायची, कारण सरकारी कागदावर तसंच होतं — लढाई संपल्यावर जे रशियाच्या बाजूचे निघाले त्यांना छावणीतून उचलून परत पाठवत, म्हणून कितीतरी जणांनी गावं बदलून सांगितली, ती बदललेली गावं घेऊन बोटीत चढले आणि तीस वर्षं त्याच गावांचे होऊन राहिले. नवरा मेला तेव्हा त्याच्या थडग्यावरसुद्धा खोटं गाव. आणि मग एका शनिवारी, काही कारण नसताना, बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, वेरबिव्का. आमचं गाव वेरबिव्का. बाप पेत्रो, सुतार. धाकटी बहीण ओदार्का, ती अजून तिथंच आहे, त्याच घरात. “पण कागदावर नुसतं ‘हा’ लिही माझ्या नावाचा. त्यांचे हात लांब आहेत, सिन्कू.”

“लिहीन,” तो म्हणाला होता.

आणि कार्डाच्या पुढच्या बाजूला त्यानं ‘हा’ लिहिलंच. वचन पाळलं! मागच्या बाजूला मात्र, फक्त आपल्या खणात राहणार म्हणून, त्यानं सगळं लिहिलं : हान्ना पेत्रीव्ना, वडील पेत्रो सुतार, बहीण ओदार्का, मुक्काम वेरबिव्का. का लिहिलंस, असं कुणी विचारलं तर काय सांगणार होता? वडील शाळामास्तर होते, म्हणून? हेमचंद्र मास्तर शाळेच्या रजिस्टरात मुलाचं नाव घालताना कधी अर्धं घालत नसत. मजुराचं पोर असो, कुणाचंही असो, बापाचं नाव आणि गाव विचारल्याशिवाय टाक दौतीत बुडवत नसत. ‘अर्धं नाव लिहिणं म्हणजे माणसाचा अपमान आहे, श्रीनिवास. गुरांना एका नावानं हाका मारतात.’ आणि ही हान्ना तर त्याच चालीची, यांच्यात आदरानं बोलायचं म्हणजे बापाचं नाव जोडूनच बोलायचं. तिला त्या कार्डावर ‘हा’ करून टाकायचं? जिनं तीस वर्षांत स्वतःचं गाव उच्चारलं नव्हतं, तिला तिचं गाव एका जागी तरी पुरतं लिहून द्यावं... मान होता तो. खरंच सांगतो, त्या वेळी मनात मानच होता.

बरं, नाव मानानं लिहिलंस. आणि वाक्य?

तिनं त्याला हार्बूझची अकरा वाक्यं दिली होती. हार्बूझची खीर केली. हार्बूझच्या बिया उन्हात घातल्या. नको असलेल्या नवऱ्या मुलाच्या हातात हार्बूझ देऊन त्याला वाटेला लावतात. अकरांतलं कुठलंही चाललं असतं. त्यानं बारावं घेतलं, जे तिनं कार्डासाठी सांगितलंच नव्हतं, चहा पिता पिता निघून गेलं होतं तोंडून : ‘तेहतीस सालच्या उपासमारीत आमच्या ओदार्कानं एक हार्बूझ चुलीमागच्या मातीत पुरून ठेवला, सळ्यावाल्यांनी जमीन भोसकून तो काढून नेला, आणि चौथ्या दिवशी आमचा पावलो गेला.’ सळ्यावाले म्हणजे सरकारनं धान्य काढायला घरोघर धाडलेले लोक, हातात लोखंडी सळ्या घेऊन. पावलो म्हणजे भाऊ. चार वर्षांचा. त्या सालात लाखांनी माणसं मेली, आणि तिथं आजही ते साल उच्चारायची चोरी आहे. दोघी बहिणी वीस वर्षं एकमेकींना पत्रं लिहीत होत्या — कोंबड्या, पाऊस, गुडघे — पण त्या सालाचं अक्षर नाही. हे सगळं ठाऊक असून त्यानं ते वाक्य उतरवलं. का? तर वाक्य सुंदर होतं म्हणून. शब्द कसा घट्ट बसला होता त्यात! प्राध्यापक वाचून म्हणाले, हेच घाल लेखात. लेख छापून आला. नोकरी कायम झाली ती त्याच लेखावर.

आणि तरी ते खणातच राहिलं असतं. पण सोव्हिएत सरकारच्या किएव्हमधल्या संस्थेशी कार्डांची देवाणघेवाण ठरली. त्यांनी त्यांची पाठवायची, आपण आपली. दोनशे बारा कार्डं. झेरॉक्सच्या यंत्राशी तो स्वतः उभा राहिला होता, गेल्या सप्टेंबरात. एकेक कार्ड पुढून, मग उलटून मागून. मागची बाजू कुणी मागितली नव्हती. पण म्हटलं, बघू देत त्यांनाही, काम कसं करतात ते! कुठं एक रकाना मोकळा नाही... अरे गाढवा. अरे महामूर्खा.

फेब्रुवारीत उत्तर आलं होतं, तीन ओळींचं. कार्डं मिळाली. आभारी आहोत. कार्ड ११७ मधील मजकूर भाषाशास्त्रीय स्वरूपाचा नसल्याने स्थानिक पातळीवर पडताळणीसाठी पाठवला आहे.

स्टेशन आलं.

हान्नाचं घर लाकडी, नवऱ्यानं कारखान्यातून आल्यावर रोज दोन दोन तास काम करून बांधलेलं. फाटकापाशी आज ती उभी नव्हती. एरवी असायची, आणि तो दिसला की लांबूनच ओरडायची, ‘वाळलास!’ दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात ती टेबलाशी बसली होती, हात मांडीवर, डोक्याचा रुमाल घट्ट बांधलेला, आणि समोर फुलाफुलांच्या मेणकापडावर तो लिफाफा. त्यावर जांभळा शिक्का. त्या नावाची व्यक्ती या पत्त्यावर नाही.

“बस,” ती म्हणाली. “खाल्लंस का काही?”

दोघं तिच्याच भाषेत बोलत. त्यानं डबा टेबलावर ठेवला. विनीतानं दिलाय, म्हणाला. तिनं झाकण उघडलं नाही, पण डब्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“पासष्ट वर्षांची बाई,” ती म्हणाली, “त्या घरात जन्मली. लढाईत हलली नाही. जर्मन आले तेव्हा हलली नाही. ती आता कुठं जाईल, सांग? मेली असती तर शेजारच्यांनी दोन ओळी टाकल्या असत्या. तिथं मेल्याचं कळवतात. हे कळवत नाहीत.”

आता. आत्ता सांग. त्याचा हात कोटाच्या आत गेला, बोटांना कार्डाची कडा लागली.

“हान्ना पेत्रीव्ना, मला तुम्हाला—”

“थांब. आधी माझं ऐक. फादरला सुद्धा नाही सांगितलं मी.” तिनं लिफाफा उचलला, उलटा ठेवला. “हे मी केलंय.”

त्याला कळेना.

“ईस्टरला मी तिला पत्र घातलं. हेच. नेहमीसारखंच लिहिलं, पाव कसा फुगला, गुडघे कसे आहेत... आणि शेवटी काय बुद्धी झाली, देव जाणे. एक ओळ लिहिली. ‘पावलो असता तर आज पन्नाशीचा झाला असता, आठवतं का तुला?’ एवढंच. वीस वर्षं सांभाळलं आणि एका ओळीला नाही सांभाळता आलं. त्यांनी वाचलं असणार ते. तिला बोलावलं असणार, कोण हा पावलो, कशानं मेला, तुझी बहीण काय काय लिहिते... या वयात. तिला फिट्स येतात रे. बाकावर बसवून ठेवलं असेल तासन् तास.” ती रडत नव्हती. एकेक शब्द ती टेबलावर ठेवत होती. “तेव्हा पावलोला मी वाचवू शकले नाही, आणि आता तिला मीच ढकललं. माझ्या हातानं.”

श्रीनिवासच्या डोक्यात, त्याची परवानगी न घेता, काहीतरी हिशेबी चालू झालं होतं. पंधरा वर्षांची सवय. कुठलं रूप आधीचं, कुठलं नंतरचं, याशिवाय त्यानं आयुष्यात दुसरं केलंय काय? कार्डं गेली सप्टेंबरात. ओदार्काचं शेवटचं पत्र आलं ऑक्टोबरात. नाताळाचं पत्र, जे दर वर्षी जानेवारीअखेर येतंच, ते या जानेवारीत आलं नाही. तेव्हा हीच तर म्हणाली होती, बर्फानं रस्ते अडले असतील. आणि हिनं ती ओळ लिहिली एप्रिलात. जानेवारी आधी, एप्रिल नंतर. ओदार्का गप्प झाली तेव्हा ती ओळ अजून कागदावर उतरलीच नव्हती. तारखा नुसत्या तिच्यापुढे मांडल्या असत्या तर तिच्या छातीवरचा धोंडा इथल्या इथं उतरला असता. पोरालाही समजेल इतकं उघड होतं ते. दुःखात तिला क्रम आठवत नव्हता, एवढंच.

आणि मग तिनं विचारलं असतं : मी नाही, तर कोण?

“हान्ना पेत्रीव्ना,” तो म्हणाला, “तुमचा काही दोष नाही.”

शब्दन् शब्द खरा होता. सांत्वनाला गेलेला कुणीही माणूस म्हणतो तसा तो म्हणाला, त्याच सुरात, मान जराशी वाकडी करून.

तिनं वर पाहिलं. “तुला कसं ठाऊक?”

ती विचारायचं म्हणून विचारत नव्हती. तिचे फिकट निळे डोळे त्याच्या तोंडावर असे खिळले होते, की आत्ता हा शिकलेला माणूस, आपला सिन्कू, काहीतरी सांगेल, काहीतरी पुराव्याचं, आणि आपण सुटू. त्याच्याकडे ते होतं. जगात फक्त त्याच्याकडेच होतं. बाहेर कोंबड्यांचा आवाज येत होता. शेजारी कुणीतरी शनिवारचं गवत कापायचं यंत्र सुरू करायला दोरी ओढत होतं, ते पेटत नव्हतं, पुन्हा ओढत होतं.

“असंच,” तो म्हणाला. “मला वाटतं.”

“हं,” ती म्हणाली. डोळे विझले असं म्हणवत नाही; ते फक्त त्याच्यावरून निघून लिफाफ्यावर गेले. थोड्या वेळानं तिनं त्याच्या हातावर थोपटलं, दोनदा. “चांगला आहेस तू. असं वाटतं म्हणालास, पुष्कळ झालं.” मग टेबलाला रेटा देऊन उठली, कोंबड्यांना दाणे घालायचे राहिलेत म्हणत मागच्या दारानं बाहेर गेली. चालताना एका बाजूला झुकत होती. मागच्या शनिवारी अशी झुकत नव्हती.

तो एकटा बसून राहिला. आणि काय झालं म्हणाल, तर त्याला एक लांब श्वास आला. पोटापर्यंत गेला तो, आणि सावकाश बाहेर आला. फेब्रुवारीपासून असा श्वास आला नव्हता. खांदे आपोआप खाली आले. आपल्याला बरं वाटतंय — हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्याला स्वतःची इतकी शिसारी आली, की उठून तिच्यामागे जावं, अंगणात, कोंबड्यांत, तिथंच ओरडून सांगावं, म्हणून तो अर्धा उठलाही. उठला आणि पुन्हा बसला. शिसारी खरी होती. पण तिच्या खाली ते बरं वाटणं तसंच होतं, उबदार, हलत नव्हतं. तिनं ओझं उचललं होतं. कुणी न सांगता, आपणहून. आता ते काढून घ्यायचं तर मला माझ्या हातानं काढून घ्यावं लागेल, आज, नाही तर उद्या, नाही तर कुठल्या तरी शनिवारी. आणि मी ते काढून घेणार नाही. मला माहीत आहे मी कसा आहे ते. मी नाही घेणार.

ती आत आली, हात एप्रनला पुसत. “पुढच्या शनिवारी येशील?”

“येईन की,” तो म्हणाला.

आणि तो येणार होता. पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या, ती आहे तोवर दर शनिवारी. गुडघ्यांची औषधं आणून देणार होता, फाटकाचं बिजागर बसवणार होता, विनीता काही ना काही डब्यात भरून देणार होती. आणि ती चर्चमधल्या बायकांना सांगणार होती, की कुठला कोण परमुलखातला माणूस, पण पोटच्या मुलानं करावं तसं करतो माझं. आणि तिथं शेजारी उभा राहून, खाली बघत, तो ते ऐकून घेणार होता.